सुधारून घेणं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. एका माणसाला स्वतःच्या मुलीच्या सुपारीला, लग्न ठरवायच्या बैठकीला, घरी जाता आलं नाही, आणि ते माझ्या एका वाक्यामुळे. वाक्य मी शुद्धीत बोललो, त्याचा अर्थ चुकीचा आहे हे माहीत असताना बोललो. चार वर्षं झाली. आता लिहितोय, कारण तोंडाने सांगायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. ती सवय जुनी आहे.

आमचं घर बंगळुरात माझ्या वडिलांपासून. ते इथल्या सरकारी कारखान्यात लागले, पुढे मीही त्याच कारखान्यात, तपासणी विभागात. यंत्राचा भाग समोर यायचा, मापं घ्यायची, हिरवी नाहीतर लाल चिठ्ठी बांधायची. लाल का बांधली, हे कुणाला तोंडी समजावून सांगावं लागत नसे. एकोणतीस वर्षं असं काम केल्यावर मी मुदतीआधीच घरी बसलो. मुलगा व्हाइटफील्डला राहायला गेला होता. यशवंतपुरातल्या आमच्या घराची वरची खोली रिकामी होती, ती एका मुलीला दिली. नागपूरची, मानसशास्त्रात पीएचडी करणारी. तिचा विषय कैद्यांचा होता. गुन्हा केलेली माणसं आणि न केलेली माणसं यांचे स्वभाव कसे असतात, तुरुंगाबद्दल, शिक्षेबद्दल, सुधारणेबद्दल दोघांना काय वाटतं, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं.

तिच्याकडे छापील फॉर्म होते. एकेक विधान वाचायचं आणि समोरच्याने सांगायचं, पूर्ण सहमत, थोडा सहमत, सांगता येत नाही, असहमत, मुळीच सहमत नाही. तुरुंगात बेळगाव-निपाणीकडची मराठी माणसं बरीच होती. त्यांची बोली तिला कळेना आणि तिची त्यांना.

"काका, तुम्ही चला ना माझ्याबरोबर. शनिवारचे दोन तास फक्त," ती म्हणाली. "तुम्हाला मराठी येतं, कन्नड येतं, आणि तुम्ही बोलता कमी. परफेक्ट आहात."

"मी काय करायचं?"

"वाचायचं आणि टिक करायची. एक्सप्लेन अजिबात नाही करायचं हं. तुम्ही समजावून सांगितलंत की बायस येतो."

समजावून सांगायचं नाही. मला हे काम आवडणारच होतं.

त्याआधी तिने गुन्हा न केलेल्यांचे फॉर्म भरून घेतले. त्यासाठी आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये पंचवीस-तीस ओळखीची माणसं जमवली. बहुतेक माझ्यासारखी निवृत्त, काही पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली. उपीट आणि कॉफी माझ्या बायकोने केली होती. 'कैद्यांना तुरुंगात आवश्यक तेवढ्याच सोयी मिळतात' या विधानाशी सगळे अडले.

"अहो, टीव्ही असतो म्हणे आत."

"रविवारी चिकन असतं. मी पेपरात वाचलंय."

"मग अण्णा, तुम्ही जाऊनच या की! घरी वहिनी कुठे चिकन करू देतात!"

हॉल हसला. मीही हसलो. फॉर्ममध्ये मध्येच एक विधान होतं, 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही.' मी पूर्ण सहमतवर टिक केली. त्या क्षणी मला ते खरंच वाटलं. शेजारच्यानेही तसंच केलं, मी तिरक्या नजरेने पाहिलं होतं.

पुढच्या शनिवारी तुरुंगात. मोबाइल फाटकावर जमा, मनगटावर निळा शिक्का. आम्हाला वाचनालयाची खोली दिली होती. तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक डुगडुगतं टेबल, बाहेर व्हरांड्यात पहारेकरी. मुलगी एका कोपऱ्यात हिंदी बोलणाऱ्यांचे फॉर्म भरून घेई, मी दुसऱ्या कोपऱ्यात.

तो माणूस तिसऱ्या शनिवारी आला. पंचेचाळिशीचा, रुंद, पांढऱ्या कपड्यांवर पिठाचे डाग. तुरुंगाच्या बेकरीत काम करत होता आणि अंगाला पावाचा गोड वास येत होता. बेळगावकडच्या खेड्यातला. शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत, त्यामुळे बोलण्यापुरतं कन्नड येई, वाचता येत नसे. भावकीच्या भांडणात त्याच्या हातून एक चुलतभाऊ मेला होता. तेरा वर्षं आत होता. हे मी विचारलं नव्हतं, बसल्या बसल्या त्यानेच सांगितलं, जणू फॉर्मवरचा पहिला रकाना तोच असावा.

मी वाचायला लागलो. 'मला मिळालेली शिक्षा योग्य आहे.'

"व्हय, बरोबर हाय. मारलं ते मीच की. दुसऱ्या कुणी थोडंच मारलं?"

पूर्ण सहमत.

'इथले अधिकारी माझ्या भल्यासाठी काम करतात.'

"काही करत्यात, काही न्हाई. तुमच्या नोकरीत समदे करत हुते काय?"

थोडा सहमत. मला माणूस आवडायला लागला होता, हे कबूल करतो. मग ते विधान आलं. 'मी आयुष्यात एकदाही खोटं बोललेलो नाही.'

तो आधी माझ्याकडे बघत राहिला आणि मग मोठ्याने हसला. "हे कोण लिवतंय वो साहेब? ह्याला व्हय म्हणणारा एक तरी गावला का तुमास्नी?"

मी फॉर्मचं पान उलटलं. कान तापले असावेत, कारण त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर थांबली.

"आयला! साहेबांनीच व्हय म्हटलंय वाटतं!"

रांगेत बसलेले दोघे हसले. व्हरांड्यातल्या पहारेकऱ्याला मराठी कळत नव्हतं, तरी तोही हसला. त्या माणसाच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. बाजारात ओळखीच्याची टोपी सरळ करावी तसं होतं ते. पण मी तिथे बाहेरचा, स्वच्छ, मनगटावरचा शिक्का धुतला की घरी जाणारा माणूस होतो, आणि चार कैद्यांसमोर माझं खोटं उघडं पडलं होतं. मी मान खाली घालून पुढचं विधान वाचलं. आवाज कोरडा झाला होता.

'तुरुंगात राहून माणूस सुधारतो.'

"कुठलं सुधारतोय वो? इथं सुधारून घ्यायला कोण देतंय? पहाटं भट्टी, भट्टी सुटली की गिनती, गिनती झाली की परत भट्टी."

'मला स्वतःला सुधारण्याची इच्छा आहे.'

आता तो हसत नव्हता. "पोरीची सुपारी फुटूस्तवर मला सुधारून घ्यायचं न्हाई साहेब. त्यानंतर बगू."

इथे थांबून सांगायला हवं. कन्नडमध्ये 'सुधारिसिको' म्हणजे दम घे, विसावा घे, जरा टेक. आजाऱ्याला म्हणतात, उन्हातून आलेल्याला म्हणतात. सीमेवरच्या मराठीत आणि आमच्यासारख्या जुन्या बंगळुरी घरांत ते तसंच शिरलंय. मी सायकलवरून कारखान्यातून आलो की आई म्हणायची, "स्वल्प सुधारून घे, मग पान वाढते." पुण्याचा माणूस हे ऐकून गोंधळेल. नागपूरची ती मुलगी नक्कीच गोंधळली असती. त्या खोलीत, कदाचित त्या सगळ्या इमारतीत, त्या माणसाचं वाक्य बरोबर कळणारा मी एकटा होतो. तो म्हणत होता, मुलीचं ठरल्याशिवाय मी दम टाकणार नाही.

मला कळलं, लगेच कळलं. मी 'मुळीच सहमत नाही'वर टिक केली. मनात म्हटलं, आपल्याला समजावून सांगायची मनाई आहे. पण मनाई त्याला समजावून सांगायची होती. योग्य ठिकाणी टिक करायची नव्हती.

उरलेला फॉर्म भरून झाल्यावर त्याने सुपारीचं सांगितलं. त्याच्या मुलीला स्थळ आलं होतं. तो आत आला तेव्हा ती सहा वर्षांची होती. मुलाकडचे बरे होते, बाप तुरुंगात आहे हे माहीत असून आले होते. पण त्यांची एकच अट, सुपारी फोडताना बाप बैठकीला पाहिजे. "एकदा तोंड बगू दे म्हणत्यात. त्यांचं चुकतंय का? खुनी कसा दिसतोय ते बगू दे की." पोरगीही म्हणत होती, बाबा नसतील तर मी पाटावर बसत नाही. सात दिवसांच्या रजेचा अर्ज त्याने केला होता.

त्याच दिवशी निघताना तिथल्या कल्याण अधिकाऱ्याने मला हाक मारली. नागपूरची मुलगी फाटकावर मोबाइल घ्यायला पुढे गेली होती. अधिकारी भला माणूस, टेबलावर फायलींचा ढीग. खुर्ची ओढून दिली आणि कन्नडमध्ये म्हणाला, "बन्नी सार, स्वल्प सुधारिसिकोळ्ळि." या, जरा टेका. मी टेकलो.

त्याने फाईल उघडली. "तो बेकरीवाला. रजेचा अर्ज आहे. त्याचं बोलणं आम्हाला अर्धंच कळतं. आज तुम्ही त्याच्याशी तासभर बोललात. सुधारण्याबद्दल काय म्हणाला?"

फॉर्ममधलं काहीही बाहेर सांगितलं जाणार नाही, असं नागपूरच्या मुलीने त्या माणसाला माझ्यासमोर वचन दिलं होतं. मी तेवढंच म्हणायला हवं होतं. नाहीतर खरं सांगायचं. दोन्ही सोपं होतं. समोरच्या माणसाने तोच शब्द त्याच अर्थाने नुकताच वापरला होता, त्याला समजावायला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

मी म्हणालो, "सुधारणा करून घ्यायची इच्छा नाही म्हणाला."

कन्नडमध्ये सांगताना मी क्रियापद सोडलं आणि 'सुधारणे' हे कन्नड नाम, म्हणजे आपली 'सुधारणा', वापरलं. नामाला तो दुसरा अर्थ चिकटत नाही. हे आपोआप झालं असं मी कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. आपोआप झालेलं नव्हतं. शब्द निवडताना मी क्षणभर थांबलो होतो, आणि त्या क्षणात मला त्याचं हसणं ऐकू येत होतं.

अधिकारी "सरी", म्हणजे ठीक आहे, म्हणाला आणि पेन्सिलीने काहीतरी टिपून ठेवलं. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. झोप लागली हेही सांगायला हवं.

दोन शनिवारांनी तो माणूस वाचनालयाच्या दाराशी उभा होता. त्याचा फॉर्म कधीच झाला होता, पण पहारेकऱ्याला सांगून मला भेटायला आला होता. हातात कागद.

"साहेब, अर्ज फेटाळला. हे कन्नडात हाय. काय लिवलंय तेवढं वाचून दावा की."

कागद अर्ध्या पानाचा होता. वर्तन चांगले, कामात नियमित, गुन्ह्याची कबुली आहे. त्याखाली लिहिलं होतं, 'तथापि, स्वतःमध्ये सुधारणा करून घेण्याची इच्छा नसल्याचे दिसून आल्याने रजा नामंजूर.'

माझंच वाक्य, दफ्तरी कन्नडमध्ये. मी ते तीनदा वाचलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

"काय म्हणत्यात?"

"नेहमीचंच," मी म्हणालो. "सरकारी भाषा. तूर्त देता येत नाही, एवढंच."

"कारण काय दिलंय?"

"कारण असं नाही दिलेलं."

"तरी अर्धं पान भरलंय की."

"असंच भरतात."

त्याने मान हलवली. त्याचा विश्वास बसला. तो अर्धं पान बघत होता आणि मी सांगितलं ते खरं मानत होता, कारण माझ्यावाचून त्याला ते वाचून दाखवणारं दुसरं कोण होतं? असणारच होतं खरं तर, बराकीत दहा कन्नड माणसं असतील. पण त्याला भरवशाचा मराठी माणूस हवा होता.

मग त्याने मला दुसरा अर्ज लिहून मागितला. "तुमचं कन्नड चांगलं हाय म्हणत्यात. सुपारी बारा दिवसांवर आलीय."

मी लिहिला. पुढचे चार दिवस घरी बसून इतकं सुरेख कन्नड लिहिलं की माझ्या कारखान्यातल्या साहेबाने शाबासकी दिली असती. मुलीचं वय, मुलाकडची अट, तेरा वर्षांत एकही शिस्तभंग नाही. नकाराचं जे एकमेव कारण होतं, त्याला मात्र त्यात उत्तर नव्हतं. ते द्यायचं तर लिहावं लागलं असतं की मागच्या अहवालातलं अमुक वाक्य चुकीच्या अर्थाने सांगितलं गेलं, आणि कोणी सांगितलं. मी तीनदा त्या ओळीपर्यंत आलो. "कसलं एवढं लिहिताय?" बायकोने विचारलं. "तुरुंगातलं," म्हणालो. "तुमचं आपलं चांगलं चाललंय, लोकांच्या उपयोगी पडताय," ती म्हणाली आणि कॉफी ठेवून गेली.

दुसराही अर्ज फेटाळला गेला. उत्तर सुपारीच्या आदल्या दिवशी आलं, कारण तेच. बैठकीला त्याचा धाकटा भाऊ बसला. मुलाकडच्यांनी कुरकुर केली पण सुपारी फुटली. मुलगी पाटावर बसली, न बसून करते काय. हे त्यानेच मला सांगितलं, फोनवर ऐकलेलं. सांगताना पिठाच्या हाताने चेहरा पुसला आणि म्हणाला, "ती रडलेली न्हाई म्हणे. मलाच वाटत हुतं रडंल."

माझा चेहरा बघून त्यानेच माझी समजूत काढली. "तुमी कशाला एवढं वाईट वाटून घेताय साहेब? तुमी तर केलं जेवढं हातात हुतं तेवढं."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. तोंड उघडलं होतं मी. मग गिनतीची घंटा झाली आणि तो उठला.

त्यानंतर मी दुरुस्त करायची धडपड केली, पण लपून. नागपूरच्या मुलीला म्हणालो, "त्या बेकरीवाल्याच्या फॉर्ममध्ये माझी एक टिक चुकलीय. बदलता येईल?"

"डेटा लॉक झाला, काका. आणि एका फॉर्मने काही फरक नाही पडत हो," ती म्हणाली. मग हसून, "खरं सांगू? तुमचाच फॉर्म मला बाहेर काढावा लागला. खोटं बोललो नाही वगैरे प्रश्न त्यासाठीच असतात. जो स्वतःला फारच चांगला दाखवतो, त्याचं उरलेलंही धरता येत नाही."

तिला ती गंमत वाटत होती. मलाही हसावं लागलं. तिच्या अभ्यासात तो माणूस गुन्हेगारांच्या रकान्यात राहिला, सुधारण्याची इच्छा नसलेला म्हणून. आणि मी कुठल्याच रकान्यात नाही.

कल्याण अधिकाऱ्याकडे जायला मी महिना घेतला. तोवर त्याची बदली झाली होती. त्याच्या जागी आलेल्या बाईंनी फाईल मागवून घेतली, वरवर चाळली. "पण नोंद तर झालीये सार. तुम्ही त्या माणसाचे कोण?"

"कोणी नाही."

"मग तुमचं काय म्हणणं आहे? लेखी द्या."

लेखी. मी "बघतो" म्हणून उठलो. फाटकावर मोबाइल परत घ्यायच्या आधी मी तिथल्या बाकावर टेकलो. पहारेकऱ्याने विचारलं, शुगर आहे का. हो म्हणालो. शुगर नाही मला.

पुढच्या वेळी गेलो तर तो माणूस तिथे नव्हता. उत्तरेकडच्या कुठल्याशा तुरुंगात हलवला होता, गावाच्या जवळ म्हणून त्यानेच मागणी केली होती. मला सांगून जायला तो शनिवारी येऊन उभा होता म्हणे. त्या शनिवारी मी गेलो नव्हतो. सर्दीचं निमित्त केलं होतं.

मुलीचा प्रबंध झाला, ती नागपूरला परत गेली. एक प्रत मला दिली, सुरुवातीच्या आभारांत माझंही नाव आहे. मंडळाच्या हॉलमध्ये अजून अधूनमधून कैद्यांच्या सोयींची चर्चा निघते. मला कुणी विचारतं, "तुम्ही तर आत जाऊन आलात. सुधारतात का हो ही माणसं?" मी म्हणतो, सांगता येत नाही. फॉर्मवरचं ते मधलं उत्तर. लोकांना वाटतं मी विचार करून बोलतोय.

त्या माणसाची मुलगी आता संसारात असेल. कदाचित तो स्वतः सुटलाही असेल. नसेल, तर पुढच्या प्रत्येक अर्जाच्या वेळी ती फाईल उघडत असेल आणि ती ओळ वाचली जात असेल. तो आपला प्रत्येक वेळी विचारत असेल, कारण काय दिलंय, आणि कुणीतरी कन्नड वाचता येणारा आता त्याला खरं सांगतही असेल. मग त्याला आठवत असेल का, की असं तो कुणाजवळ, कुठल्या दिवशी बोलला होता? आठवत असेल तर उरलेलं त्याला कळलंच असणार. न कळण्याइतका तो साधा नव्हता. साधेपणाने बोलत होता इतकंच.

मी त्याला दोन गोष्टी देणं लागतो. पहिली, त्याच्या फाईलसाठी माझ्या सहीचा कन्नड कागद. तो काय म्हणाला होता, त्याचा अर्थ काय होता, तो मला कळला होता आणि तरी मी उलटा सांगितला, एवढं त्यात हवं. दुसरी, त्याच्यासमोर बसून तो नकार सबंध वाचून दाखवणं. कागद लिहून झालाय. सही केलेली नाही, आणि तो आता कुठल्या तुरुंगात आहे याची मी चौकशीही केलेली नाही.